स्वतःची फिर्याद न केलेला वकील

कोकणातल्या एका लहान गावी मी बँकेचा शाखाधिकारी होतो तेव्हाची, म्हणजे १९८८ च्या सुमाराची गोष्ट. गावातली निम्मी कर्ती माणसं आखातात होती. महिन्याच्या सुरुवातीला तिकडचे ड्राफ्ट येत आणि काउंटरसमोर बायकांची, म्हाताऱ्या आयांची रांग लागे. कुणाच्या घरी पैसे आले नाहीत, हे लेजरचं पान उघडलं की कळे.

अशाच एका घरचे ड्राफ्ट सात महिने आले नाहीत. आठव्या महिन्यात तो गवंडी स्वतःच परत आला आणि बायकोला घेऊन माझ्या टेबलासमोर बसला. तिकडच्या मुकादमानं त्याला मारलं होतं. मालकानं पासपोर्ट काढून घेतला होता. सात महिन्यांची मजुरी बुडाली होती, आणि परतीच्या तिकिटासाठी सोबतच्या मजुरांनी वर्गणी काढली होती. त्याचं मागणं एवढंच होतं, की अर्ज कुणाला करायचा ते सांगा आणि तेवढा इंग्रजीत लिहून द्या.

टेबलावर त्या दिवशी तपासणीचे कागद पसरले होते. मी त्याला समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या. जीवानिशी सुटलात हे पुष्कळ झालं, परक्या मुलखात आपलं कोण ऐकणार, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणा. त्यानं मान हलवली. बायकोनं मात्र उठताना माझ्याकडे जे पाहिलं, ते निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या खात्यावर बाकी आहे.

पुढे गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं बारकाईनं वाचू लागलो, तेव्हा त्या नजरेचा अर्थ हळूहळू उलगडला. महात्मा होण्याआधी हा माणूस वीस वर्षं वकील होता, आणि तोही परमुलखात मार खाल्लेल्या, लुबाडल्या गेलेल्या आपल्या माणसांचा. हे आपल्याला माहीत असतं, पण आपण त्याकडे दांडीयात्रेच्या वाटेवरचं एखादं लहान स्टेशन म्हणून पाहतो. मला वाटतं, त्या स्टेशनावर जरा उतरायला हवं.

गिळलेला अपमान

१८९१ साली बॅरिस्टर होऊन आलेला हा तरुण वकील म्हणून सपशेल नापास झाला, आणि तोही आपल्या मुंबईत. स्मॉल कॉज कोर्टात मामीबाई नावाच्या बाईंचा साधा खटला हाती आला होता, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले तर पाय लटपटले, डोळ्यांपुढे अंधारी आली. अशील दुसऱ्या वकिलाकडे सोपवून ते खाली बसले आणि कोर्टातून निघून गेले.

मग ते राजकोटला गेले. तिथे अर्जविनंत्या लिहून बरे पैसे मिळू लागले. एकदा भावाच्या कामासाठी ते गोऱ्या पोलिटिकल एजंटाकडे गेले. विलायतेत त्याच्याशी थोडी ओळख झाली होती. साहेबानं ऐकून घेतलं नाही आणि शिपायाकरवी खांदे धरून त्यांना बाहेर काढलं. तरुण बॅरिस्टरचं रक्त उसळलं. साहेबावर फिर्याद करायचीच, असं त्यांनी ठरवलं. त्याच सुमारास सर फिरोजशहा मेहता एका खटल्यासाठी राजकोटला आले होते. एका वकिलामार्फत कागद त्यांच्यापर्यंत पोचले. निरोप आला तो असा, की हा अपमान गिळा, असे प्रसंग पुष्कळांवर येतात, फिर्याद केलीत तर स्वतःचाच नाश ओढवून घ्याल.

कडू घोट त्यांनी घेतला. पण तो प्रसंग आपल्या आयुष्याला वळण देऊन गेला, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. मी त्या गवंड्याला दिला तो सल्ला आणि फिरोजशहांचा सल्ला एकच होता, हे वाचून क्षणभर मला बरं वाटलं. पण पुढची पानं वाचली आणि ते बरं वाटणं टिकलं नाही.

वचनचिठ्ठ्यांचा खटला

पोरबंदरच्या मेमण व्यापाऱ्यांची दादा अब्दुल्ला ही पेढी दक्षिण आफ्रिकेत मोठी होती. तिचा चाळीस हजार पौंडांचा दावा प्रिटोरियाच्या कोर्टात चालू होता. वर्षभराचं काम, १०५ पौंड मेहनताना, जाण्यायेण्याचं पहिल्या वर्गाचं भाडं आणि राहण्याजेवण्याचा खर्च, एवढ्या बोलीवर गांधी एप्रिल १८९३ मध्ये मुंबईहून निघाले. ही काही बॅरिस्टरची ऐट नव्हती, जवळजवळ पेढीवरच्या नोकराचं काम होतं.

जूनमध्ये डर्बनहून प्रिटोरियाला जाताना पीटरमॅरित्झबर्ग स्टेशनावर पहिल्या वर्गाच्या डब्यातून त्यांना उतरवलं गेलं, ते आपण सगळ्यांनी शाळेत वाचलं आहे. थंडी कडाक्याची होती आणि ओव्हरकोट सामानात राहिला होता. तो मागायला गेलो तर पुन्हा अपमान होईल, म्हणून ते कुडकुडत बसून राहिले. शाळेत न सांगितला जाणारा भाग सकाळचा आहे. उजाडताच त्यांनी रेल्वेच्या जनरल मॅनेजरला लांबलचक तार केली आणि दुसरी तार पेढीच्या शेटना. तक्रार लेखी गेली. मॅनेजरनं आपल्या माणसांचीच बाजू घेतली, पण पाहुण्याला नीट पोचवण्याचा हुकूमही सोडला.

पुढचा टप्पा घोड्यांच्या सिगरामचा होता. तिथल्या गोऱ्या प्रमुखानं त्यांना आत बसू दिलं नव्हतं. मग पायाशी पसरलेल्या गोणपाटावर बसायला नकार दिला म्हणून त्यानं त्यांना थोबाडीत मारलं, हात धरून ओढलं. पितळी दांडा घट्ट धरून ते मार खात राहिले. इतर उतारूंनी मध्ये पडून सोडवलं. स्टँडरटनला पोचल्यावर त्यांनी सिगराम कंपनीच्या एजंटला पत्र लिहून हकिगत कळवली. मागितलं काय, तर उद्या आत बसायला जागा. ती मिळाली. मारणाऱ्यावर खटला करण्याचा विचारही केला नाही.

प्रिटोरियात तिसरा प्रसंग. अध्यक्ष क्रूगर यांच्या घरावरून रोज फिरायला जाताना एके दिवशी पहारेकऱ्यानं काही न बोलता धक्का देऊन, लाथ मारून त्यांना फूटपाथवरून खाली ढकललं. त्यांचे स्नेही कोट्स घोड्यावरून तिथूनच चालले होते. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि साक्ष द्यायची तयारी दाखवली. गोरा साक्षीदार आपणहून पुढे येतो, याहून भक्कम पुरावा कोणता? पण गांधींनी सांगितलं, की स्वतःच्या गाऱ्हाण्यासाठी कोर्टाची पायरी चढायची नाही, असा माझा नियम आहे.

राजकोटला दुसऱ्यानं गिळायला लावलेला घोट इथे त्यांनी स्वतःचा नियम केला होता. हा माणूस भित्रा असता तर तारा आणि पत्रं लिहीत बसला नसता. त्यांना सूड नको होता, पण सोय मात्र हवी होती, आणि ती लेखी हवी होती.

दरम्यान मूळ खटल्याचं काम चालू होतं. आम्हा बँकवाल्यांना हा भाग फार आवडावा. सगळा दावा हिशेबाचा आणि वचनचिठ्ठ्यांचा. बॅरिस्टरसाहेबांना जमाखर्चाचा गंध नव्हता. त्यांनी पुस्तक आणून हिशेब शिकून घेतला, दोन्हीकडचे कागद पालथे घातले. अशिलाची बाजू बळकट आहे हे त्यांना दिसलं. पण वकिलांची बिलं दोन्ही पक्षांना पोखरत आहेत, हेही दिसलं. वादी-प्रतिवादी नात्यातले, एकाच गावचे. गांधींनी खटपट करून प्रकरण लवादाकडे नेलं. दादा अब्दुल्ला जिंकले, ३७ हजार पौंड आणि खर्च. ही रक्कम एकरकमी भरायची म्हणजे प्रतिपक्षाचं दिवाळं निघणार आणि त्यांच्यात दिवाळ्यापेक्षा मरण बरं मानत. मग गांधींनी आपल्याच अशिलाची मनधरणी करून लांब मुदतीचे हप्ते बांधून दिले. बुडीत कर्जाची पुनर्बांधणी करणं किती जिकिरीचं असतं, हे ज्यानं केलं आहे त्यालाच कळेल.

हातातला फेटा

वर्ष संपलं. निरोपाच्या मेजवानीतच नाताळ वसाहतीत हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणारं विधेयक येत असल्याची बातमी समोर आली आणि जाणारा माणूस राहिला. सार्वजनिक कामाचे पैसे घ्यायचे नाहीत, म्हणून वीसेक व्यापाऱ्यांनी त्यांना वर्षाचं वकीलपत्र देऊन ठेवलं. वकिलांच्या संस्थेनं विरोध केला, तरी सप्टेंबर १८९४ मध्ये नाताळच्या वरिष्ठ न्यायालयानं त्यांना सनद दिली. नाताळ इंडियन काँग्रेसही त्याच वर्षी उभी राहिली.

पण ही सगळी व्यापाऱ्यांची, चार पैसे बाळगून असलेल्यांची दुनिया. तिच्या खाली दुसरी होती. १८६० पासून मद्रास आणि कलकत्त्याहून पाच-पाच वर्षांच्या करारानं ऊसमळ्यांत नेलेले गिरमिटिया मजूर. अग्रीमेंटचं गिरमिट त्यांनीच केलं. नोकरानं नोकरी सोडली तर इतरत्र फार तर दिवाणी दावा होतो. गिरमिटियानं सोडली तर तो गुन्हा आणि शिक्षा तुरुंग.

असा एक तमिळ मजूर, बाळसुंदरम, एके दिवशी गांधींच्या कचेरीत आला. अंगावरचे कपडे फाटलेले, पुढचे दोन दात तुटलेले, तोंडातून रक्त. मालकानं बेदम मारलं होतं. डोईचा फेटा त्यानं हातात धरला होता, कारण गोऱ्यापुढे जाताना तो उतरवायचा अशी सक्ती असे, आणि या साहेबापुढेही तसंच करावं असं त्याला वाटलं. गांधींनी आधी त्याला फेटा बांधायला सांगितलं.

मग जे केलं, ते क्रमानं पाहण्यासारखं आहे. पहिल्यांदा त्याला गोऱ्या डॉक्टरकडे पाठवून जखमांचा दाखला घेतला. गांधींचा कारकून तमिळ होता, त्याच्याकडून सगळी हकिगत समजून घेतली. दाखला हातात येताच जखमी माणसासह मॅजिस्ट्रेटसमोर गेले आणि प्रतिज्ञापत्र सादर केलं. मालकावर समन्स निघालं. इथे एखादा वकील खूश झाला असता. गांधींना मात्र मालकाच्या शिक्षेत फारसा रस नव्हता. मालकाला शिक्षा झाली आणि बाळसुंदरम पुन्हा त्याच्याच दारात जाऊन पडला, तर उपयोग काय? त्याची सुटका व्हायला हवी होती. कायद्यात वाटा दोन होत्या. एक तर मजुरांच्या सरकारी संरक्षकानं करार रद्द करावा किंवा दुसऱ्याच्या नावे करून द्यावा, नाही तर मालकानं स्वतः सोडावं. गांधी मालकाला भेटले, संरक्षकाला भेटले, आणि गिरमिटिया ठेवण्याचा हक्क हिंदी माणसाला नसल्यानं ओळखीतला एक गोरा मालक शोधून त्याच्याकडे बाळसुंदरमचा करार बदलून घेतला. मॅजिस्ट्रेटनं जुन्या मालकाला दोषी ठरवलं आणि करार दुसऱ्याकडे देण्याचं त्याचं कबूल करणं नोंदवून ठेवलं.

ही बातमी मळ्यामळ्यांत पसरली. आपलं ऐकणारा कुणी आहे, एवढं कळलं आणि गिरमिटियांची रीघ लागली.

फूटपाथवरून लाथ मारणाऱ्या पहारेकऱ्यावर फिर्याद न करणारा माणूस तो हाच. स्वतःच्या बाबतीत साक्षीदार समोर असून नकार, आणि दुसऱ्याच्या दोन दातांसाठी डॉक्टर, प्रतिज्ञापत्र, समन्स. क्षमा करायची ती स्वतःवरच्या अन्यायाची. दुसऱ्यावर झालेला अन्याय माफ करण्याचा आपल्याला अधिकारच नाही. मी त्या गवंड्याचं बुडालेलं येणं त्याच्या वतीनं माफ करून टाकलं होतं.

डर्बनचा जमाव

१८९६ मध्ये गांधी कुटुंबाला न्यायला मायदेशी आले आणि आफ्रिकेतली गाऱ्हाणी घेऊन गावोगाव फिरले. मुंबईच्या सभेत त्यांचा आवाज पोचेना, तेव्हा दिनशा वाच्छांनी भाषण वाचून दाखवलं. पुण्यात ते टिळकांना, गोखल्यांना आणि डॉ. भांडारकरांना भेटले. या फेरीच्या भडक बातम्या नाताळला पोचल्या. डिसेंबरात त्यांचं जहाज डर्बनला लागलं, तर प्लेगचं निमित्त सांगून उतारूंना आठवडेच्या आठवडे खोळंबवलं गेलं. अखेर १३ जानेवारी १८९७ रोजी ते उतरले आणि जमावानं त्यांना गाठलं. दगड, अंडी, लाथाबुक्क्या. घेरी येऊन ते एका घराचं कुंपण धरून उभे होते. पोलीस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर यांच्या पत्नी तिथून चालल्या होत्या. त्या छत्री उघडून मध्ये उभ्या राहिल्या, म्हणून जीव वाचला. रात्री पारशी रुस्तमजींच्या घराला वेढा पडला, तेव्हा खुद्द अलेक्झांडरनं त्यांना हिंदी शिपायाच्या वेषात मागच्या वाटेनं बाहेर काढलं.

लंडनहून वसाहतमंत्री चेंबरलेन यांची तार आली, की हल्लेखोरांवर खटले भरा. नाताळच्या सरकारनं गांधींना नावं विचारली. दोघाचौघांना ते ओळखू शकले असते. त्यांनी नकार दिला आणि तसं लिहूनही दिलं. खोट्या बातम्यांवर विश्वास ठेवून भडकलेल्या पोरांपेक्षा, त्यांना भडकवणारे पुढारी आणि सरकारच अधिक जबाबदार आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

परवाने आणि पुरलेला पैसा

१९०३ पासून ते जोहान्सबर्गला वकिली करू लागले. बोअर युद्धात पळून गेलेल्या हिंदी माणसांना ट्रान्सवालमध्ये परत यायला परवाना लागे आणि आशियाई खात्याचे काही अधिकारी त्यासाठी शंभर-शंभर पौंड लाच घेत. हे गाऱ्हाणं लोकांचं होतं, त्यामुळे इथे नकाराचा प्रश्नच नव्हता. गांधींनी साक्षीपुरावे जमवून पोलीस कमिशनरपुढे ठेवले. दोन अधिकारी पकडले गेले. पुरावा भक्कम असूनही ज्यूरीनं दोघांना सोडलं. मात्र सरकारनं त्यांना नोकरीवरून काढलं. पुढे ते दोघे जोहान्सबर्गच्या नगरपालिकेत नोकरी शोधू लागले, तेव्हा गांधींनी आडकाठी केली नाही. लाचेचा धंदा बंद झाला, त्यांचं काम संपलं.

शहरातली हिंदी वस्ती नगरपालिकेनं ताब्यात घेतली, तेव्हा भरपाईचे सुमारे सत्तर दावे त्यांनी लढवले. हरो वा जिंको, दर दाव्यामागे दहा पौंड फी, आणि त्यातली निम्मी गरिबांच्या दवाखान्यासारख्या कामासाठी. त्यांतला एकच दावा हरला. मग १९०४ चा प्लेग आला आणि ती वस्ती रिकामी करून जाळायचं ठरलं. लोकांनी जमिनीत पुरलेली आयुष्यभराची तांब्याची, चांदीची नाणी बाहेर काढली. ठेवायची कुठे? गांधीभाईंकडे. गांधी बँक मॅनेजरला भेटले. प्लेगच्या वस्तीतला पैसा हाताळायला कारकून धजणार नाहीत, ही अडचण होती. शेवटी सगळी नाणी जंतुनाशकानं धुऊन बँकेत भरली गेली. साठ हजार पौंडांच्या आसपास रक्कम होती. ज्यांच्याजवळ पुरेसं होतं त्यांना त्यांनी मुदत ठेवीत ठेवायला सांगितलं. त्या अनाम मॅनेजरला मी मनोमन कितीदा तरी नमस्कार केला आहे. तपासणीचे कागद त्याच्याही टेबलावर असतीलच की.

हेही सांगायला हवं, की या वर्षांत गांधींची नजर प्रामुख्यानं आपल्या माणसांपुरती होती. त्याच भूमीच्या काळ्या पुत्रांवरचा अन्याय त्याहून मोठा होता, आणि त्यांच्याविषयी गांधींनी त्या काळात लिहिलेलं काही आज वाचताना खटकतं. मोठ्या माणसाचा हिशेब लिहितानाही नावेची बाजू कोरी ठेवू नये.

अशिलाचा दंडुका

सगळ्यात अवघड कसोटी घरातल्या माणसानं घेतली. १९०८ च्या जानेवारीत नोंदणीच्या कायद्यावरून जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली आणि गांधींनी स्वेच्छेनं नोंदणी करायचं ठरवलं. काहींना हा विश्वासघात वाटला. १० फेब्रुवारीला नोंदणी कचेरीच्या वाटेवर मीर आलम या पठाणानं आणि त्याच्या सोबत्यांनी त्यांना गाठलं आणि दंडुक्यांनी इतकं मारलं, की ते बेशुद्ध पडले. हा मीर आलम त्यांचा जुना अशील, प्रत्येक अडचणीत सल्ल्याला येणारा.

शुद्धीवर येताच गांधींनी मारेकऱ्यांना सोडावं अशी विनंती केली आणि सरकारी वकिलाला तशी तार पाठवली. माणसं सुटलीही. पण शहरातल्या गोऱ्यांनी हरकत घेतली. भर रस्त्यात झालेला हल्ला ही काही गांधींची खासगी बाब नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मीर आलम आणि त्याच्या एका साथीदाराला तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. मला वाटतं, गांधींच्या नियमाची मर्यादाही इथे दिसते. गुन्हा एका माणसावर होत असला, तरी रस्ता सगळ्यांचा असतो. त्यांचं क्षमा करणं खरं, आणि कायद्याचं काम करणंही खरं. सहा महिन्यांनी परवान्यांची होळी झाली, त्या सभेत मीर आलम आला, आपला परवाना जाळायला दिला, आणि दोघांनी हात मिळवले.

१९१२ मध्ये गोखले आफ्रिकेला जाऊन आले. गिरमिटमुक्त मजुरांवरचा वर्षाला तीन पौंडांचा कर रद्द व्हावा म्हणून त्यांनी तिथल्या मंत्र्यांशी बोलणी केली. १९१३ मध्ये हजारो गिरमिटिया संपावर गेले आणि १९१४ मध्ये तो कर रद्द झाला. जुलैत गांधी तिथून निघाले. १९२२ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली म्हणून लंडनच्या इनर टेंपलनं त्यांचं नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढून टाकलं. ते पुन्हा घातलं १९८८ साली. माझ्या टेबलासमोर तो गवंडी बसला होता, त्याच सुमारास.

आज मुलं, नातवंडं जगभर आहेत. कुणाचा पासपोर्ट अडकतो, कुणाला वाटेत लुटतात, कुणाची मजुरी बुडते. परदेशात अटक झालेल्याला आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिला आहे. अडचणीतल्या हिंदी माणसासाठी वकिलातींकडे २००९ पासून कल्याण निधी आहे, आणि तक्रार नोंदवायला २०१५ पासून सरकारचं ‘मदद’ आहे. वकिलात कुणाचा खटला लढवत नाही, तिथल्या कायद्यातून सोडवूनही आणत नाही. पण वकील सुचवते आणि आपल्या माणसाची दखल घ्यायला लावते. सगळं वेळेवर मिळतं असं नाही. पण बाळसुंदरमचा क्रम आजही तोच लागू आहे. आधी डॉक्टरचा दाखला, मग आपल्या भाषेत समजून घेऊन लिहिलेली हकिगत, मग अधिकाऱ्यापुढे अर्ज, आणि सुटका कशात आहे याचा विचार.

तो गवंडी पुन्हा बँकेत आला नाही. माझी बदली झाली. त्याला काही लाख मिळाले असते असं मी म्हणत नाही, कदाचित काहीच मिळालं नसतं. पण एक कागद झाला असता, त्यावर त्याचं नाव आणि सात महिन्यांचा आकडा असता. माझा अर्धा तास गेला असता. आता आमच्या सोसायटीत कुणाच्या मुलाबाळांचं परदेशात काही अडलं, की लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. मी आधी खुर्ची देतो, मग कागद काढतो.